कापड उलटून पाहावे : नोव्हेनाहून निघणारी दोन दिवसांची वस्त्रयात्रा

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पाहुण्यांचे वावडे नसते. सिंगापूर तर मुंबई-पुण्याहून रात्रीत गाठता येणारे शहर. त्यामुळे शुक्रवारी उतरून रविवारी रात्री परतणारे पाहुणे आपल्याकडे येतच असतात. त्यांत एखादी मावशी, नणंद किंवा मैत्रीण कपड्यांची खरी शौकीन निघते. तिची यादी ठरलेली असते : ऑर्चर्ड रोड, मुस्तफा, आणि वेळ उरला तर पुन्हा ऑर्चर्ड रोड. दोन दिवसांनी बॅगा भरतात आणि पाय दुखतात. पण हे शहर काय नेसते आणि का नेसते, ते मात्र पाहायचे राहून जाते.

सिंगापूरची ख्याती नीटनेटक्या, फॅशनेबल शहराची आहे आणि ती खरीच आहे. पण जगातल्या बड्या नावांची चकचकीत दुकाने आता मुंबईतही आहेत. ती पाहायला एवढ्या लांब यायची गरज नाही. इथे पाहण्याजोगे आहे ते कापड. कापड पारखणारी आपल्याकडची जुनी माणसे साडी हातात आली की आधी ती उलटून पाहत, कारण सुलट बाजू दुकानदार दाखवतो आणि उलट बाजू विणकर. या शहराकडेही तसेच पाहता येते. नोव्हेनाला राहणाऱ्या, किंवा नोव्हेनाच्या पाहुण्यांना फिरवणाऱ्या आपल्या वाचकांसाठी दोन दिवसांची ही आखणी केली आहे.

शनिवार सकाळ : स्टेशनाच्या दारात

नोव्हेना हे नावच मुळी नऊ या आकड्याचे. थॉमसन रोडवरच्या सेंट अल्फॉन्सस चर्चला लोक नोव्हेना चर्च म्हणू लागले, ते तिथल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेवरून. १९८७ साली एमआरटी स्टेशन झाले तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले. लॅटिनमधला नऊ आणि आपल्या नवरात्रातला नऊ हे भाषेच्या नात्याने चुलत भाऊच.

शनिवारी या चर्चमध्ये प्रार्थनेला मोठी गर्दी होते. चिनी, फिलिपिनो, तमिळ अशी सर्व प्रकारची माणसे इस्त्रीच्या कपड्यांत येतात. त्याच वेळी टान टॉक सेंग आणि आसपासच्या रुग्णालयांतली मंडळी गणवेशात पाळी बदलत असतात, आणि स्टेशनावरच्या व्हेलॉसिटी या खेळांच्या सामानाच्या मॉलमध्ये धावण्याचे बूट पायात चढवून पाहणारे तरुण असतात. देवाचे कपडे, कामाचे कपडे, खेळाचे कपडे, सगळे एकाच फुटपाथवर. पुढच्या दोन दिवसांत जे कापड दिसेल त्याला तीन प्रश्न विचारायचे : हे कुणी केले, हे कोण घालते, आणि कोणत्या प्रसंगी?

नोव्हेनाहून लाल मार्गाने सरळ रॅफल्स प्लेसला उतरावे. तिथून नदीकाठी एम्प्रेस प्लेसला एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर वस्त्रांचे दालन आहे. कापड उजेडाने विटते, म्हणून तिथले नमुने अधूनमधून बदलत असतात. पण त्यांतून कळणारी गोष्ट बदलत नाही, आणि ती आपल्या घरातली आहे.

युरोपीय जहाजे या समुद्रात येण्यापूर्वीपासून गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्याचे कापड इथे येत होते. मसाल्याच्या बेटांवर लवंग आणि जायफळ घ्यायचे तर नाण्यांपेक्षा कापड जास्त चाले. त्यात सर्वांत मानाचे कापड पाटणचा पटोला. त्याचे ताणा आणि बाणा, दोन्हींचे धागे विणण्याआधीच हिशेबाने बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी उमटते. इंडोनेशियातल्या राजघराण्यांनी तो मिरवला आणि कित्येक गावांनी तो पिढ्यानपिढ्या देवघरातल्या वस्तूसारखा जपला. पुढे जावामध्ये त्याच नक्षीची नक्कल मेणाने बाटिकवर होऊ लागली. पेकालोंगानच्या 'ज्लाम्प्रांग' या बाटिकमध्ये पटोल्याची आठपाकळी फुले आजही ओळखू येतात.

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या गावांची नावे आहेत. तगरचे साधे कापड आणि मलमल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई, अशी त्यात नोंद आहे. आपल्या पूर्वजांचा माल बंदरावर दोन हजार वर्षांपूर्वीच पोहोचला होता. आपण विमानाने आलो एवढाच फरक.

त्या व्यापाराची खूण भाषेतही राहिली आहे. मलायमध्ये कापसाला 'कापास' म्हणतात, रेशमाला 'सुतेरा' (आपले सूत्र), रंगाला 'वार्ना' (वर्ण) आणि पेहरावाला 'बुसाना' (भूषण). दुकानांच्या पाट्यांवर 'बुसाना' दिसले की पाहुण्यांना थांबवून सांगावे : हा शब्द आपल्याच घरचा.

शनिवार दुपार : अरब स्ट्रीट

रॅफल्स प्लेसहून हिरव्या मार्गाने दोन स्टेशने गेले की बुगिस येते. तिथून सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाच्या रोखाने चालत अरब स्ट्रीटला पोहोचावे. हाजी लेनमध्ये तरुणांची छोटी, रंगीबेरंगी दुकाने आहेत. तिथे फोटो काढून घ्यावेत, पण जीव ओतावा तो अरब स्ट्रीटवरच्या कापडाच्या ठाणांवर. लेस, रेशीम, बाटिक, आणि जरीने विणलेला 'सोंकेत' तिथे पाहायला मिळतो. मलाय लग्नात सोंकेतचे स्थान आपल्या शालूसारखे आहे.

बाटिक विकत घ्यायचे तर एवढे माहीत असावे. मेण भरलेल्या तोटीच्या लेखणीने हाताने काढलेले ते 'तुलिस'. तांब्याच्या ठशाने मेण उठवलेले ते 'चाप'. तिसरा प्रकार नुसता छापील, त्यात मेणाचा संबंध नसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे : कापड उलटून पाहावे. मेण आणि रंग कापडात आरपार जातात, म्हणून खऱ्या बाटिकची नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखी दिसते. छापील कापडाची उलट बाजू फिकी पडते. हाताने काढलेल्या नक्षीत दोन फुले कधीच हुबेहूब सारखी नसतात, तो दोष समजू नये. छापील कापडही जरूर घ्यावे, फक्त छापील कापडाच्या दराने.

सारोंग उघडून दाखवायला सांगितले की मुख्य कापडाहून वेगळ्या नक्षीचा एक उभा पट्टा दिसतो. त्याला 'केपाला' म्हणतात. केपाला म्हणजे डोके. हा शब्द संस्कृत 'कपाल'वरून, म्हणजे आपल्या कपाळाच्याच घरातला. साडीला जसा पदर तसा सारोंगला केपाला. कापड किती मोलाचे ते तिथे ठरते आणि नेसताना तो कुठे यावा याचेही नियम आहेत. पदराचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

शनिवार संध्याकाळ : ऑर्चर्ड रोडची पत्र्याची ट्रंक

ऑर्चर्ड रोड टाळायचा नाही. परतीच्या वाटेवर तिथे उतरावेच, फक्त थोडा इतिहास बरोबर घेऊन. या रस्त्याचे नाव बागांवरून पडले. एकोणिसाव्या शतकात इथे जायफळ आणि मिरीचे मळे होते. ज्या जायफळासाठी पटोले जहाजात भरले जात, त्याच जायफळाच्या जमिनीवर आज कपड्यांची दुकाने उभी आहेत.

कोपऱ्यावरचे हिरव्या चिनी छपराचे टँग्ज हे दुकान ज्यांनी काढले ते सी. के. टँग १९२० च्या दशकात चीनमधल्या स्वातौहून इथे आले. पत्र्याच्या ट्रंकेत तिकडची लेस आणि भरतकाम घालून ते दारोदार विकत. आपल्याकडे गाठोडे घेऊन वाड्यात येणारा कापडवाला असे, तसेच. १९५८ साली त्यांनी ऑर्चर्ड रोडवर दुकान बांधले तेव्हा समोर चिनी लोकांचे स्मशान होते आणि जागा अशुभ म्हणून लोकांनी नावे ठेवली. त्या स्मशानाच्या जागेवर १९९३ साली न्गी ॲन सिटी हा प्रचंड मॉल उघडला. अशुभ कुठे गेले ते कुणाला कळले नाही.

जवळच २०१९ साली सुरू झालेले डिझाइन ऑर्चर्ड हे स्थानिक कलाकारांच्या मालाचे दालन आहे. स्थानिक फॅशनमध्ये प्रिसिला शण्मुगम यांच्या 'ओंग शण्मुगम' या नावाची ओळख करून घ्यावी. चिनी चेओंगसामचा बेत त्या बाटिक आणि आशियातल्या इतर कापडांत करतात. नावातच आईचे ओंग आणि वडिलांचे शण्मुगम एकत्र आले आहे. पाहुण्यांनी इथे खरेदी केली तर एक व्यवहाराची गोष्ट : योजनेत सामील असलेल्या दुकानातून शंभर डॉलर किंवा अधिक किमतीचा माल घेतला तर पर्यटकाला विमानतळावर वस्तू व सेवा कराचा परतावा मागता येतो. पासपोर्ट जवळ ठेवावा. आपण इथे राहणाऱ्यांनी मात्र ही आशा बाळगू नये.

रविवार सकाळ : कातोंग आणि केबायाची गोष्ट

रविवारी नोव्हेनाहून ऑर्चर्ड, तिथे थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्ग धरून मरीन परेड. हे स्टेशन २०२४ साली उघडले आणि कातोंगला जाणे सोपे झाले. ईस्ट कोस्ट रोड आणि जू चिआट हा पेरानाकान लोकांचा भाग. इथेच स्थायिक झालेले चिनी व्यापारी आणि इथल्या बायका यांच्या वंशजांना पेरानाकान म्हणतात. पुरुष 'बाबा', बाई 'न्योन्या'. घरांच्या भिंतींवरच्या रंगीत फरशांपासून मण्यांच्या सपातांपर्यंत या लोकांच्या हौसेला मोल नाही. किम चू क्वे चांग या दुकानात खाऊबरोबर केबायाही पाहायला मिळतो.

केबाया म्हणजे पुढून उघडा, अंगाबरोबर बसणारा झिरझिरीत झगा. त्याला गुंड्या नसतात. 'केरोसांग' नावाचे साखळीने जोडलेले तीन दागिने त्याला मिटून धरतात. खाली बाटिकचा सारोंग. शब्द बहुधा अरबी 'कबा'वरून आलेला. याआधी न्योन्या घालत तो 'बाजू पांजांग', गुडघ्याखाली पोहोचणारा लांब अंगरखा. बाजू हा शब्दही फारसी 'बाझू', म्हणजे हात, यावरून आला असे अभ्यासक मानतात. आपल्या बाजूबंदातला बाजू तोच. गोव्यात मांडो नाचताना ख्रिस्ती बायका जो पानो बाजू घालतात त्यातही हाच शब्द आहे. मलाक्का आणि गोवा ही दोन्ही बंदरे शतकाहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या हाती होती, तेव्हा कपडेही बोटीने इकडून तिकडे गेले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुण न्योन्यांनी लांब बाजू सोडून आखूड केबाया धरला. घरातल्या सासवांना तो फारच आखूड वाटला असणार. त्यासाठी तलम व्हॉइल युरोपातून येई, त्यावरचे भरतकाम सिंगर मशिनवर होई आणि सारोंग पेकालोंगानहून येई. आज ज्याला आपण शुद्ध परंपरा म्हणून हात जोडतो, तो पोशाख असा चार देशांचा आणि एका शिवणयंत्राचा मिळून झालेला आहे. त्याच्या काठावरची जाळी मात्र हातचलाखीची : आधी मशिनवर शिवत जायचे आणि मग मधले कापड कातरून काढायचे. ही जाळी मागून पाहिली की कारागिराची खरी पात्रता कळते.

युद्धानंतर मुली फ्रॉक आणि स्कर्ट घालू लागल्या. केबाया लग्नकार्यापुरता राहिला. तो रोज जगापुढे राहिला तो विमानात. १९६८ साली पियेर बाल्मँ या फ्रेंच शिंप्याने मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्ससाठी सारोंग-केबायाचा गणवेश आखला आणि १९७२ साली सिंगापूर एअरलाइन्स वेगळी झाली तेव्हा तो तिच्याकडे आला. निळा, हिरवा, लाल, जांभळा हे रंग हुद्द्याप्रमाणे. मुंबईच्या विमानात आपल्याला चहा देणारी निळ्या केबायातली मुलगी कोणत्या पायरीवर आहे हे आता तुम्हाला सांगता येईल. २००८ साली 'द लिटल न्योन्या' ही दूरदर्शन मालिका आली आणि घराघरांत पुन्हा केबायाची चर्चा सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी मिळून केलेल्या अर्जावर युनेस्कोने केबायाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. 'आमचा की तुमचा' हे भांडण बाजूला ठेवून अर्ज एकत्र केला, हे विशेष. साड्यांच्या गावांवरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

रविवार दुपार : टेक्काचे शिंपी आणि चेत्ती मलाका

कातोंगहून लिटल इंडियाला यावे. इथला भारतीय कापडव्यापार शहराइतकाच जुना आहे. १८१९ साली रॅफल्सबरोबर आलेल्या नारायण पिळ्ळे यांनी आधी विटांची भट्टी काढली आणि मग सुती कापडाचे दुकान. १८२२ साली ते आगीत जळाले. ते पुन्हा उभे राहिले, आणि १८२७ साली त्यांनी मारियम्मन मंदिराची सुरुवात केली. पुढे सिंधी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी हाय स्ट्रीट कापडाने भरून टाकला.

टेक्का सेंटरच्या खालच्या मजल्यावर मासळी आणि भाजी, वरच्या मजल्यावर साड्या, पंजाबी ड्रेस आणि शिंपी. तिथे फार शोभिवंत काही नाही, पण शहरातली सर्वांत उपयोगी फॅशन तीच. नव्या देशात साडी टिकते ती ब्लाउज शिवणाऱ्यामुळे. जिथे माप घेणारा, फॉल-बिडिंग करणारा माणूस नाही तिथे साडी कपाटात जाते आणि परत येत नाही. शिंपी दिलेल्या दिवशी ब्लाउज देईलच असे नाही, पण तो पुण्यातही देत नसे.

तिथून चालत कॅम्बेल लेनवरच्या इंडियन हेरिटेज सेंटरला जावे. २०१५ साली उघडलेल्या या केंद्राने २०१८ साली चेत्ती मलाका लोकांवर प्रदर्शन केले होते. या लोकांची हकीकत आपण प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास मलाक्काला आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी लग्ने केली. त्यांचे वंशज म्हणजे चेत्ती मलाका. ते हिंदू आहेत, देवळे आणि सणवार त्यांनी सांभाळले आहेत. पण घरात ते मलाय वळणाची बोली बोलतात आणि त्यांच्या बायकांचा परंपरेचा पोशाख आहे सारोंग-केबाया. तमिळ गेली, साडी गेली, देव राहिले.

पाचशे वर्षांनी आपले काय राहील हे कोण सांगणार? पण पन्नास वर्षांचा हिशेब आपल्या हातात आहे. आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात एखादी पैठणी आहे, एखादी आजीची नऊवारी आहे. नऊवारी नेसता येणारी आपल्या पिढीत थोडी, मुलींच्या पिढीत त्याहून थोडी. म्हणून शिवलेली नऊवारी निघाली. तिला आपण नाके मुरडतो. पण आज जी पाचवारी आपण 'नेहमीची साडी' म्हणतो तिची नेसणही शोधूनच काढलेली. ज्ञानदानंदिनी देवी टागोर १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, तिथल्या पारशी बायकांची नेसण त्यांनी पाहिली, तिच्यात आपले फेरफार केले आणि ती बंगालमध्ये नेली. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलेच असेल. केबायाला सिंगर मशिन चालले, तर नऊवारीला चेन का चालू नये? ज्या मुलीला काष्टा घालता येत नाही तिने शिवलेली नेसावी आणि जिला हौस येईल तिने नंतर खरी शिकावी. न नेसलेली नऊवारी मात्र कोणतीच परंपरा सांभाळत नाही.

पैठणीचे तेवढेच. २०१० साली तिला भौगोलिक ओळखीचा दाखला मिळाला, पण आपल्या कपाटातली खरी की नकली हे दाखल्याने कळत नाही. पुन्हा तीच युक्ती : काठ-पदर उलटून पाहावा. हातमागावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागीच गुंतवलेला असतो, म्हणून मोर मागूनही मोरच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर काम यंत्राचे. इथल्या दमट हवेत जर काळवंडते आणि घडीवर रेशीम विरते. साडी मऊ मलमलीत गुंडाळावी, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालावी, डांबरगोळ्या रेशमाला लागू देऊ नयेत. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती नेसावी.

म्युझियममध्ये प्रत्येक वस्त्राखाली एक चिठ्ठी असते : कुठले, कधीचे, कुणाचे. आपल्या साड्यांना ती चिठ्ठी नसते, कारण ते सगळे आईला ठाऊक असते. आई गेली की साडीची उलट बाजूच नाहीशी होते. तेव्हा रविवारी रात्री पाहुण्यांना विमानतळावर पोहोचवून नोव्हेनाला परतलात की एक काम करावे. कपाट उघडून दोन-चार साड्यांसाठी जाड कागदाच्या चिठ्ठ्या लिहाव्यात : येवल्याहून अमुक साली, कुणी घेतली, कुणाच्या लग्नात नेसली, इथे आल्यावर कधी नेसली. चिठ्ठी साडीच्या मलमलीत ठेवावी. पुढच्या गणेशोत्सवात मंडळाने एक टेबल मांडून अशा साड्या चिठ्ठ्यांसह ठेवाव्यात, सुलट्याही आणि उलट्याही. मुले मराठी वाचत नसतील तर त्यांच्याकडूनच चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात. तेवढेच अक्षरही सुधारेल.